ऑपरेटिंग सिस्टिमची स्क्रीन आखणाऱ्यांना एका संगणक शिक्षिकेचे खुले पत्र

संगणकाच्या आणि मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, घडवणाऱ्या, त्यांची स्क्रीन कशी दिसावी आणि कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 22 वर्षं संगणकाचा क्लास चालवते. एसटी स्टँडसमोर, पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, 14 मशीन. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट हवं म्हणून येणारी पोरं असतात, तशाच अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीतले शिपाई, निवृत्त मास्तर आणि दुकानाची बिलं आता मशीनवरच करायची असं ठरवून आलेले किराणावालेही असतात. तुमच्यातले कुणी अमेरिकेत बसतात, कुणी हिंजवडीत नाहीतर हैदराबादेत, कुणी दिवसाची नोकरी सांभाळून रात्री लिनक्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी फुकट खपतात. तुम्ही आखलेल्या बटणावर कित्येकांचं बोट आयुष्यात पहिल्यांदा पडतं ते माझ्यासारखीच्या वर्गात. तेव्हा ते बोट थरथरत असतं. मी ते रोज बघते, म्हणून हे पत्र.

आधी एका वहीबद्दल सांगते.

आमच्याकडे एक मावशी शिकायला आल्या. वय 54, शिक्षण सातवी, आणि गावातल्या 11 बचत गटांचे हिशेब त्यांच्याकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी 200 पानी वही आणली. डाव्या पानावर कृती, उजव्या पानावर पेन्सिलीने काढलेलं स्क्रीनचं चित्र. "मशीन चालू. थांबायचं. खालच्या पट्टीत डावीकडून तिसरं चित्र, पिवळं पाकीट. एकदाच दाबायचं." पुढच्या पानावर, "कॉपी. फाइलवर माऊसचं उजवं बटण. वरून पाचवी ओळ." प्रत्येक कृतीपुढे लाल पेनाने एक चौकट. ती कृती वही न बघता तीनदा जमली की चौकटीत बरोबरची खूण. तीन महिन्यांत वहीत 61 खुणा झाल्या होत्या. शेवटी शेवटी वही मिटलेलीच असायची, नुसती मांडीवर. हात आपोआप जायचा.

एका सोमवारी सकाळी मावशी येऊन बसल्या. शनिवारी रात्री मशीनने अपडेट घेतलं होतं. खालच्या पट्टीतली चित्रं सरकून मधोमध आली होती. एखादा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग पुन्हा थोडी सरकायची, त्यामुळे डावीकडून तिसरं चित्र कुठलं हे मोजूनही कळेना. उजवं बटण दाबल्यावर पाचवी ओळ कॉपीची नव्हती. कॉपी हा शब्दच तिथे नव्हता. वरच्या बाजूला एकाआड एक ठेवलेल्या दोन कागदांचं नखाएवढं चित्र होतं, तेच कॉपी. खाली 'आणखी पर्याय दाखवा' अशी एक ओळ होती आणि तिच्या मागे जुनी यादी जशीच्या तशी लपवलेली होती.

मावशींनी वही उघडली, स्क्रीनकडे बघितलं, परत वहीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असणार."

हे वाक्य मी इतक्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की मोजदाद नाही. मशीन बिघडलं, दरवाजा अडला, नळ गळला तर आपली माणसं वस्तूला नावं ठेवतात. संगणकापुढे मात्र स्वतःलाच नावं ठेवतात. "आम्हाला नाही जमायचं हे, आमचं वय झालं." तुमच्याकडे तक्रारी येतात त्या तक्रार करायला न घाबरणाऱ्यांच्या. माझ्या मावशी तुमच्या आकड्यांत कुठेच दिसणार नाहीत, कारण त्यांच्या मते तक्रारीला जागाच नाही. चूक त्यांची आहे. मी तुम्हाला सांगायला आलेय की ती त्यांची नव्हती.

हाताला लागलेली सवय ही त्या माणसाची कमाई असते. 61 चौकटी तीन महिने घाम गाळून भरलेल्या असतात. ऑपरेटिंग सिस्टिम तुमची असेल, तिच्यावरचा हक्क लायसन्सप्रमाणे तुमचा असेल, पण ती सवय तुमची नाही. ती न विचारता मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

हाताला काय सोपं जातं, हे माणसं फार आधी समजून चुकली होती. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मोजून दाखवलं की हाताला एखाद्या जागी पोचायला किती वेळ लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं, ती जागा किती लांब आहे आणि केवढी आहे. संगणकाच्या स्क्रीनला हे लावलं की कड आणि कोपरा सगळ्यात सोप्या जागा ठरतात. माऊस कितीही जोरात ढकला, बाण कडेपाशी थांबतोच, पुढे जात नाही. नेम धरावा लागत नाही. 1984 च्या जानेवारीत आलेल्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकावर मेनूची पट्टी अगदी वरच्या कडेला चिकटलेली होती आणि ती आजही तिथेच आहे. विंडोज 95 मध्ये स्टार्ट बटण खालच्या कोपऱ्यात आलं, पण कडेपासून काही ठिपक्यांची फट राहिली होती. बाण थेट कोपऱ्यात नेऊन दाबलं तर बटण लागायचंच नाही. दोन-तीन ठिपके, पण ज्याचा हात नवा आहे त्याला ते पुरेसे असतात. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मशीनवर पत्ते खेळायला लावते. चौकटची दुर्री उचलून किलवरच्या तिर्रीवर ठेवताना पत्ता किती वेळा मधेच सुटतो ते बघितलं की ठिपक्याची किंमत कळते.

त्या विंडोज 95 च्याच बाबतीत एक गोष्ट मनापासून चांगली झाली होती, ती तुम्हाला आठवण म्हणून सांगते. ती स्क्रीन ठरवण्याआधी मायक्रोसॉफ्टने 64 फेऱ्यांत 560 माणसांना समोर बसवून चाचण्या घेतल्या. नवशिक्यांना डबल क्लिक जमत नाही, एक खिडकी दुसरीच्या मागे गेली की त्यांना ती गेलीच असं वाटतं, प्रोग्रॅम सुरू कुठून करायचा हेच कळत नाही, हे सगळं त्यात निघालं. माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी निघतं तेच. आणि त्यावर त्यांनी उपाय केला. एकच बटण, त्यावर सरळ लिहिलेलं 'स्टार्ट', आणि मशीन पहिल्यांदा चालू केलं की 'सुरुवात करायला इथे क्लिक करा' म्हणत त्याच्याकडे सरकत जाणारा बाण. उघडलेली प्रत्येक खिडकी खालच्या पट्टीत नाव धरून उभी. माणसाला काय अडतं हे आधी बघितलं आणि मग आखलं.

मग 26 ऑक्टोबर 2012 ला विंडोज 8 आलं आणि ते बटण गेलं. 17 वर्षं लोकांचा हात ज्या कोपऱ्यात जात होता तिथे काहीच नव्हतं. मशीन बंद करायचं तर उजव्या बाजूच्या कोपऱ्यात माऊस न्यायचा, मग एक पट्टी बाहेर यायची, तीत सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाउन. स्क्रीनवर यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. ज्याला आधीच ठाऊक होतं त्यालाच सापडायचं. टॅब्लेटवर बोटाने सरकवणाऱ्यांसाठी त्यात विचार होता, हे मी नाकारत नाही. पण माऊस आणि कीबोर्ड घेऊन बसलेल्या माणसाचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. वर्षाच्या आत, ऑक्टोबर 2013 मध्ये, 8.1 मधून बटण परत आलं. ते दाबल्यावर उघडणारा मेनू यायला जुलै 2015, म्हणजे विंडोज 10 उजाडलं.

एकट्या मायक्रोसॉफ्टकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. ॲपलने 2013 च्या सप्टेंबरात आयफोनची आयओएस 7 ही सिस्टिम आणताना बटणांच्या चौकटीच काढून टाकल्या. उरले नुसते रंगीत शब्द. दाबायचं काय आणि वाचायचं काय यातला फरक गेला. सहा महिन्यांनी 7.1 मध्ये 'बटणांचे आकार दाखवा' अशी एक सोय सेटिंगमध्ये आत कुठेतरी ठेवावी लागली. लिनक्सवर खिडक्या आणि मेनू दाखवणारं नोम 3 एप्रिल 2011 मध्ये आलं तेव्हा लिनक्सवाल्यांनाही खिडकी लहान करायचं बटण शोधावं लागलं. तिथे निदान एक गोष्ट बरी झाली. ज्यांना जुनं नोम 2 हवं होतं त्यांनी त्याचा कोड घेतला, माते या नावाने पुढे चालू ठेवला, आणि तो आजही वापरात आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड सगळ्यांना खुला असतो, म्हणून रुसलेल्याला घर सोडून जाता येतं आणि जुनी भांडी बरोबर नेता येतात. बाकीच्या ठिकाणी ती सोय नाही, म्हणून तिथे बसलेल्यांची जबाबदारी जास्त.

काहीच बदलू नका, असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः दर दोन वर्षांनी शिकवण्याची पद्धत बदलते. पण बदल करताना काय ढळू द्यायचं नाही हेही ठरवावं लागतं, आणि ते कसं ठरवायचं याची दोन उत्तम उदाहरणं रोज माझ्यासमोर आहेत.

पहिलं, कंट्रोल झेड. झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या रांगेतल्या चार शेजारी किल्ल्या ॲपलने 1983 साली लिसा या संगणकावर या कामांना दिल्या. मागे घेणे, कापणे, कॉपी, चिकटवणे. त्यामागे लॅरी टेस्लर यांची दृष्टी होती. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकातच त्यांनी आणि टिम मॉट यांनी कट, कॉपी आणि पेस्ट आज आपण करतो तसं करून दाखवलं होतं. पुढे विंडोजने त्याच किल्ल्या घेतल्या, लिनक्सनेही. चाळीस वर्षं झाली, किती रूपं बदलली, पण त्या चार किल्ल्यांना कुणी हात लावला नाही. माझे विद्यार्थी महिन्याभरात न बघता 'कंट्रोल झेड मार' म्हणतात. हे तीन शब्द आले की त्यांची भीती निम्मी होते. केलेलं मागे घेता येतं हे एकदा हाताला कळलं की माणूस प्रयोग करू लागतो.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषा टाइप करायची किल्ल्यांची मांडणी. 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो प्रमाण ठरवला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के वर क, एल वर त, एच वर प, जे वर र. मराठीला जिथे क, तिथेच गुजरातीला, बंगालीला, तमिळला क. आमच्याकडे महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून येतात. 1994 साली ऑफिसात इन्स्क्रिप्ट शिकले. तेव्हाचं मशीन भंगारात गेलं, तेव्हाची सिस्टिम गेली, फॉन्टचे जुने कोड जाऊन युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठी एकच पद्धत, आलं. काका माझ्याकडच्या नव्या मशीनवर बसले, भाषा मराठी केली आणि पहिलाच अर्ज न थांबता टाइप केला. मला ते बघताना भरून आलं, खरंच. त्यांची 30 वर्षांपूर्वीची मेहनत कुणी पुसली नव्हती. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती जपली, विंडोजने जपली, मॅकने आणि लिनक्सने जपली. म्हणजे तुम्हाला हे जमतं. मनावर घेतलंत की जमतं.

आता शब्दांबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आमच्या गावात एक फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओवाल्या काकांनी मशीनची भाषा हौसेने मराठी करून घेतली होती. मीच करून दिली होती. कॅमेऱ्यात नवं कार्ड टाकलं की फोटोंचे नंबर पुन्हा 1 पासून सुरू व्हायचे. एका लग्नाचे फोटो त्यांनी एका फोल्डरमध्ये ठेवले होते, एडिटिंग व्हायचं होतं. पुढच्या आठवड्यातल्या हळदीचं कार्ड लावलं आणि घाईत त्याच फोल्डरमध्ये कॉपी सोडली. मशीनने विचारलं की याच नावाच्या फाइली तिथे आधीच आहेत. खाली दोन शब्द होते. एक 'पुनर्स्थित करा' आणि दुसरा 'वगळा'.

तुम्हीच सांगा, मराठी माणूस यातून काय समजेल? पुनर्स्थित म्हणजे पुन्हा जागेवर बसवलेलं, पूर्वीसारखं केलेलं. वगळा म्हणजे काढून टाका. काकांना वाटलं की वगळा म्हटलं तर आपले फोटो जातील, त्यापेक्षा पुनर्स्थित म्हणावं, म्हणजे सगळं नीट जागेवर लागेल. त्यांनी ते दाबलं, सगळ्यांसाठी हेच, अशी खूणही केली. लग्नाचे 340 फोटो हळदीच्या फोटोंखाली गाडले गेले. कचरापेटीत बघितलं, तिथे काही नव्हतं, कारण अशा वेळी जुनी फाइल कचरापेटीतून जातच नाही. तोवर कॅमेऱ्याचं कार्डही कोरं करून झालेलं. मुलीच्या वडिलांना काय सांगायचं म्हणून काका दोन दिवस दुकान बंद ठेवून घरी बसले होते.

ज्याने 'रिप्लेस'ला पुनर्स्थित हा शब्द दिला, त्याने बहुधा कोशात बघून दिला. त्याच्यासमोर शब्दांची यादी असणार, एकाखाली एक, हजारोंनी. कुठलं वाक्य कुठल्या चौकटीत येणार, ते दाबल्यावर काय होणार, हे त्याला कुणी दाखवलं नसणार. त्या माणसावर माझा राग नाही. ज्यांनी ती यादी नुसती पाठवली आणि भरून आली म्हणून घेतली, त्यांना माझा प्रश्न आहे. त्या बटणावर 'जुना फोटो पुसून नवा ठेवा' असं लिहिलं असतं तर? शेजारी 'जुनाच राहू द्या' आणि 'दोन्ही ठेवा'? आणि दोन्ही फोटो छोटे करून समोरासमोर दाखवले असते तर? एकीकडे नवरी, एकीकडे हळद. काकांचा हात तिथेच थांबला असता.

अशीच आणखी एक चौकट रोज दिसते. चाललेलं काम थांबवायला गेलं की 'रद्द करायचे आहे का?' असा प्रश्न येतो आणि खाली बटणं असतात 'रद्द करा' आणि 'ठीक'. रद्द करा म्हणजे काम रद्द की रद्द करणं रद्द? वर्गात मी हा प्रश्न फळ्यावर लिहिते आणि हात वर करायला सांगते. दर वेळी निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

शब्द माणसासमोर ठेवून तपासायला हवेत, हेही तुमच्याच पूर्वसूरींनी दाखवून दिलंय. लिसाच्या चाचण्यांमध्ये एका बटणावर 'डू इट', म्हणजे 'करा', असं लिहिलं होतं. त्या अक्षरवळणात दोन शब्दांमधली जागा नीट दिसत नव्हती आणि मोठा आय छोट्या एलसारखा दिसत होता. चाचणीला बसलेला एक जण चिडला. तो ते 'डोल्ट' असं वाचत होता. त्याचा अर्थ मठ्ठ. मशीन आपल्याला मठ्ठ का म्हणतंय, हे त्याला कळेना. त्यानंतर ते बटण बदलून 'ओके' झालं. तो एक माणूस खोलीत बसला होता म्हणून हे कळलं. इंग्रजीसाठी, कॅलिफोर्नियात, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एवढी काळजी घेतली गेली. मराठी बोलणारे 8 कोटींच्या वर आहेत. आमच्यासाठी एक खोली आणि एक माणूस एवढं तरी व्हावं.

आमची माणसं मशीनशी कुठल्या मराठीत बोलतात ते मी सांगते. 'सेव्ह मार', 'कॉपी मार', 'पेनड्राइव्ह काढ', 'मशीन हँग झालं, रिस्टार्ट मार.' फाइल, फोल्डर, प्रिंट, पासवर्ड हे शब्द आता सातवी शिकलेल्या मावशींचेही आहेत. तिथे 'संचिका' आणि 'संचयित करा' कशाला? मराठी शब्दांबद्दल मला प्रेम आहे म्हणूनच हे सांगते. 'शोधा', 'उघडा', 'पुसा', 'मागे' असे जिवंत शब्द आहेत तिथे ते घ्या, आणि लोकांनी आपलासा केलेला शब्द आहे तिथे तो राहू द्या. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी फ्यूएल नावाच्या प्रकल्पात वारंवार लागणारे शब्द एकत्र बसून ठरवायची पद्धत पाडली, मराठीसाठीसुद्धा. तशा याद्या सगळ्या कंपन्यांनी वापराव्यात, म्हणजे एकाच माणसाच्या फोनवर 'जतन करा', लॅपटॉपवर 'संचयित करा' आणि तिसरीकडे 'सुरक्षित करा' असं होणार नाही. हे तिन्ही 'सेव्ह'च आहेत हे समजावण्यात माझा एक तास जातो.

आणि अक्षरांना जागा द्या. देवनागरी वर आणि खालीही वाढते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्टीत आमच्या वेलांट्या छाटल्या जातात, उकार खालच्या रेघेत बुडतात. 'र्की' आणि 'ट्रू' लिहून बघा तुमच्या बटणावर. शब्द लांबला की तुम्ही पुढे तीन टिंबं देता, मग 'पुन…' एवढंच दिसतं. पुनर्स्थित, पुनर्प्राप्त, पुनर्नामित, सगळे 'पुन…'च. पहिलीतल्या मुलाला शाळेत मराठी वळणाचा ल आणि श शिकवतात आणि स्क्रीनवर त्याला हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्टमध्ये भाषेप्रमाणे वळण बदलायची सोय कधीची आहे, ती फक्त वापरायची आहे.

माझी सगळ्यात मोठी मागणी अपडेटबद्दल आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि दिसण्यातला बदल एकाच गाठोड्यात पाठवू नका. आज आमच्याकडे लोक मशीन घेऊन येतात आणि पहिलं वाक्य असतं, "मॅडम, ते अपडेट कायमचं बंद करून द्या." मी विचारते का. उत्तर ठरलेलं असतं, "मागच्या वेळी सगळं बदलून टाकलं." म्हणजे कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना घरातलं सामान हलवून जातो, म्हणून लोक त्याला दारातही उभं करत नाहीत. आणि कुलूप तसंच मोडकं राहतं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातली मशीन बंद पाडली, इंग्लंडातल्या दवाखान्यांतली कामं ठप्प झाली. त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ती न बसवण्याची कारणं पुष्कळ होती, सगळी स्क्रीनवर ढकलणार नाही. पण माझ्या टेबलावर येणारं कारण मला माहीत आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

दिसणं बदलायचंच असेल तर आधी दाखवा. 'आता असं करायचं ठरवलंय, बघा, आवडलं तर घ्या, नाहीतर जुनं राहील.' जुनं किती दिवस राहील हेही सांगा, आणि ते दिवस महिन्यांत नको, वर्षांत असू द्या. ज्याने जुनं ठेवलं त्याला दर आठवड्याला चौकट दाखवून हैराण करू नका. चित्रांखालचे शब्द काढू नका. एखादं बटण हलवणं टळतच नसेल तर त्याच्या जुन्या जागी काही दिवस एक छोटी पाटी ठेवा, 'मी आता वर गेलोय' अशी. आमच्या गावात बँकेने जागा बदलली तेव्हा जुन्या शटरवर वर्षभर नव्या पत्त्याचा बोर्ड होता. एवढं तर कुणीही करतं.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, हिशेब वहीतच बरा. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, आणि मशीनमध्ये शोधून पट्टी पुन्हा डावीकडे आणता येते ते त्यांना दाखवायचं कबूल केलं. त्या आल्या. पट्टी डावीकडे घेतली. उजव्या बटणाची जुनी यादी मात्र सरळ येईना, त्यासाठी एक पायरी जास्त. मावशींनी वहीतल्या कॉपीच्या पानावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, "आता असं नाही", आणि पुढच्या कोऱ्या पानावर नवं चित्र काढायला घेतलं. 61 पैकी 23 चौकटी पुन्हा रिकाम्या कराव्या लागल्या. ती वही आता माझ्याकडे आहे, त्यांनी स्वतः ठेवायला दिली.

तुमच्यापैकी कुणालाही ती बघायची असेल तर जरूर या. नवी बॅच दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठला. मागच्या बाकावर बसा, काही बोलू नका, नुसते हातांकडे बघा. पुण्याहून सकाळी लवकर निघणारी एसटी धरलीत तर वेळेत पोचाल.

आपली,
संगणक क्लासमधली एक शिक्षिका
जिल्हा सातारा